बिनपगारी सेक्रेटरी

सरकारी मदतीतून बांधलेल्या घरांच्या चावीवाटपाला आता एक ठरलेलं रूप आलं आहे. चावी पुठ्ठ्याची, सोनेरी कागद चिकटवलेली, तीनेक फूट लांब. ती लाभार्थ्याच्या हाती देताना मंचावरच्या नऊ जणांचे हात तिला लागलेले असतात आणि ज्याचं घर तो माणूस फोटोच्या कडेला अर्धा कापला जातो. भाषणं होतात, 'स्वप्नपूर्ती' हा शब्द किमान चारदा येतो, मग मांडववाला खुर्च्या उचलायला लागतो. त्याच संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून कुणीतरी विचारतं, "पंप कोण चालू करणार?" मंचावरच्या एकाही भाषणात या प्रश्नाचं उत्तर नसतं. लग्न लावणाऱ्या भटजीला संसाराचा जाब कुणी विचारत नाही, तसंच हे. पण पंपाचा हा प्रश्न म्हणजे एक अख्खी नोकरी आहे. तिला कामाचे तास आहेत, जबाबदारी आहे, शिव्या आहेत, रजा नाकारली जाण्याची सोयही आहे. पगार तेवढा नाही. या कामाचा रीतसर पगारी आणि शिकून घेण्याजोगा व्यवसाय होत नाही, तोवर सरकारनं घरं दिली असं म्हणू नये. भिंती दिल्या, एवढंच म्हणावं.

हा विचार मांडायला मीरा-भाईंदरइतकं योग्य शहर मिळणार नाही, कारण अनुदानाच्या आणि सवलतीच्या घरांचा जवळपास प्रत्येक प्रयोग या शहरानं अंगावर घेतला आहे. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा १९७६ चा. त्याच्या कलम २० आणि २१ खाली मालकाला जादा जमिनीवर सूट मिळे, अट अशी की तिच्यावर दुर्बल घटकांसाठी सरकारनं ठरवलेल्या दरात घरं बांधायची. अशा घरांच्या दरावरून मीरा रोडचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ३१ जानेवारी १९९० रोजी शांतीस्टार खटल्याचा निकाल लागला. निवारा हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असं सांगताना वकील आजही त्या निकालाचा दाखला देतात. म्हणजे देशाच्या घरहक्काचा एक महत्त्वाचा खांब आमच्या लोकलच्या स्टेशनाशेजारी उभा आहे. त्या निकालात घर कुणाला मिळावं आणि कितीला मिळावं याचा कसून विचार झाला. घर मिळण्याइतकंच ते गळणंही अटळ असतं, पण तो मुद्दा न्यायालयापुढे कुणी नेलाच नव्हता. पुढं १९८५ ची नगरपरिषद २००२ मध्ये महानगरपालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,०९,३७८ भरली, आणि प्रत्येक दशकात घरांची एक नवी योजना आली. काशीमिऱ्यातल्या जनता नगर आणि काशी चर्च वस्त्यांसाठी नेहरू अभियानातली, शहरी गरिबांसाठीची बीएसयूपी योजना आली. एमएमआरडीएच्या भाडेतत्त्वावरच्या इमारती आल्या. म्हाडाच्या कोकण मंडळाच्या २०१६ च्या सोडतीत विरार-बोळींज, ठाण्याचं बाळकुम आणि थेट वेंगुर्ला यांच्या पंगतीला मीरा रोडही बसलं.

एवढ्या योजनांमध्ये पदांची कमतरता नाही. सर्वेक्षण करणारे आहेत, परिशिष्ट-२ मध्ये कोण पात्र आणि कोण अपात्र हे ठरवणारे आहेत, निविदा काढणारे आहेत, सोडतीचं बटण दाबणारे पाहुणे आहेत, देकार पत्र देणारे आहेत. म्हाडामध्ये 'मिळकत व्यवस्थापक' नावाचं पद आहे आणि त्याच्या हाताखाली भाडेवसुलीकारही असतो. पण या दोघांचं लक्ष मुख्यतः प्राधिकरणाच्या हितावर असतं. संक्रमण शिबिरात कोण घुसला, सेवाशुल्क कुणाचं थकलं, करारातलं नाव आणि दार उघडणारा चेहरा जुळतो का, हे ते पाहतात. पाहायलाच हवं. मात्र घरं विकून सोसायटी नोंदवली गेली की इमारत सोसायटीची होते आणि तिथून पुढं सगळा भार एका माणसावर येतो. पहिल्या सभेत जो उशिरा आला, किंवा जो लवकर येऊन पुढच्या खुर्चीत बसला, किंवा ज्याचं अक्षर चांगलं आहे असं कुणाच्या तरी लक्षात आलं, तो सेक्रेटरी होतो. ही निवडपद्धत शास्त्रीय नाही, पण सार्वत्रिक आहे.

या पदाच्या कामाची यादी एकदा नीट मांडून पाहिली पाहिजे. पालिकेचं पाणी कधी येणार याचा अंदाज बांधणं, न आल्यास टँकर मागवणं, टँकर आल्यावर तो ए विंगच्या टाकीत आधी का लागला याचा खुलासा बी विंगला करणं. लिफ्टचा देखभाल करार, अग्निशमनाची तपासणी, डक्टमधला चोकअप, तिसऱ्या मजल्याच्या बाथरूममधून दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरात उतरणारं पाणी आणि त्यावरून दोन कुटुंबांत साचणारं वैर. त्यावर कायद्याचा अभ्यास वेगळा: सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का, दुरुस्ती निधी पाऊण टक्का, थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत व्याज, भाडेकरू ठेवणाऱ्याकडून सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त बिनभोगवटा शुल्क नाही, वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत, शिवाय मानीव अभिहस्तांतरणाची फाईल. म्हणजे माणूस एकाच वेळी प्लंबर, हिशेबनीस, वकील आणि विवाहसमुपदेशक असावा लागतो. वर सवलतीच्या घरांचे खास प्रश्न असतात. विक्रीवर काही वर्षांची बंदी असल्यामुळे घर 'मावशीच्या मुलाला राहायला दिलेलं' असतं, आणि एका मावशीला दर अकरा महिन्यांनी नवा मुलगा होत असतो. तो मुलगा मेंटेनन्स मालकाकडून घ्या म्हणतो आणि मालकाचा फोन लागत नाही. हे सगळं सेक्रेटरीनं विरार लोकलमधून घरी परतल्यावर, रात्री नऊनंतर करायचं. एवढ्या पात्रतेचा माणूस कुठल्याही कंपनीत पगार आणि गाडी घेऊन बसला असता. इथं त्याला मिळतं ते वार्षिक सभेतलं 'हिशेब दाखवा' हे एक वाक्य.

योजना आखणाऱ्यांना देखभालीचा पूर्ण विसर पडतो असं नाही. त्यांना तिची आठवण होते, पण शेवटच्या पानावर आणि कमी पैशांत. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत विकासकानं प्रत्येक घरामागं ठरावीक रक्कम ठेव म्हणून भरायची आणि तिच्या व्याजातून इमारत सांभाळायची, अशी चांगली तरतूद आहे. ही रक्कम बराच काळ २०,००० रुपये होती, मग ४०,००० झाली. सहा टक्के व्याज धरलं तर २०,००० वर वर्षाला १,२०० रुपये मिळतात, म्हणजे घरामागं महिन्याला शंभर. ठेव दुप्पट केली तर दोनशे. बैठ्या चाळीत राहणाऱ्या, लिफ्ट केवळ सिनेमात पाहिलेल्या कुटुंबाला आपण पंधराव्या मजल्यावर नेतो, त्याच्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या ठेवतो, पायाशी पंप बसवतो, आणि हे सगळं शंभर-दोनशे रुपयांत चालेल असं कागदावर लिहून मोकळे होत आलो. मग लिफ्ट बंद पडते. पंधराव्या मजल्यावरची आजी सहा महिने खाली उतरत नाही. कुटुंब घर भाड्यानं देऊन पुन्हा जमिनीवर राहायला जातं, आणि वर्तमानपत्रात बातमी येते की गरिबांना घराची किंमत नसते. किंमत त्यांना पक्की ठाऊक असते. तिच्यात लिफ्टचा करार धरलेला नव्हता, एवढंच.

एमएमआरडीएची भाडेघरांची योजना तर या गोष्टीचं भरभक्कम उदाहरण आहे. २००८ च्या सुमारास कल्पना अशी निघाली की मुंबईत येणाऱ्याला झोपडीऐवजी १६० चौरस फुटांचं भाड्याचं घर परवडावं. विकासकांना जादा चटईक्षेत्र मिळालं आणि मीरा-भाईंदरसह महानगर प्रदेशात इमारती उभ्या राहिल्या. भाड्याच्या घराला महिन्याच्या महिन्याला भाडं घेणारा, नळ बदलणारा, रिकामं घर दुसऱ्याला देणारा माणूस लागतो. तो नेमायचा कुणी, हे काही ठरेना. त्यामुळे भाडेकरूंसाठी बांधलेल्या या घरांत भाडेकरू सोडून जवळजवळ सगळे राहून गेले: रस्तारुंदीचे विस्थापित, बीएसयूपीच्या इमारतीची वाट पाहणारी काशीमिऱ्याची कुटुंबं, आणि २०२० मध्ये करोनाचे रुग्ण. बीएसयूपीत चार हजारांहून जास्त कुटुंबांना घरं द्यायची आखणी होती, पण त्यातल्या अनेकांचं 'तात्पुरतं' स्थलांतर दहा वर्षांपलीकडे लांबलं. पनवेलजवळच्या कोन गावात अशाच दोन-दोन खोल्या एकत्र करून ३२० चौरस फुटांची २,४१७ घरं गिरणी कामगारांना २०१६ च्या सोडतीत लागली. ताबा मिळण्याआधीच त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या आणि परत आल्या तेव्हा आधी दुरुस्ती करावी लागली. कामगार पात्र ठरले, पैसे भरायला तयार झाले, आणि न राहिलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी थांबले. रिकामं घरही रोज थोडं म्हातारं होतं. त्याच्याकडे बघायला कुणी नसेल तर जरा जास्तच.

जगात हे काम आधी कुणी केलंच नाही असंही नाही. लंडनमध्ये १८६५ साली ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी जॉन रस्किनच्या पैशातून मॅरिलबोन भागातली तीन मोडकळीला आलेली घरं चालवायला घेतली. गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा देण्याचं ठरलं होतं. त्या आणि त्यांच्या साहाय्यक बायका आठवड्याला स्वतः भाडं गोळा करायला जात, आणि गेल्यावर गळकं छप्परही बघून येत. वसुली आणि दुरुस्ती एकाच माणसाच्या हाती, एवढंच त्यांचं तंत्र. त्यातूनच ब्रिटनमध्ये गृहव्यवस्थापन हा शिकण्याचा आणि पगाराचा व्यवसाय झाला. उलट टोकाला अमेरिकेतल्या सेंट लुईसचं प्रूइट-आयगो आहे. अकरा-अकरा मजल्यांच्या ३३ इमारती १९५० च्या दशकात मोठ्या कौतुकानं उभ्या राहिल्या आणि १९७२ पासून त्या सुरुंग लावून पाडायला घेतल्या. देखभालीचा खर्च भाड्यातून काढायचा होता. भाडेकरू गरीब होत गेले, घरं रिकामी पडत गेली आणि लिफ्टसोबत सगळंच बंद पडलं. सिंगापूरनं मात्र तिसराच मार्ग काढला. तिथल्या सरकारी वसाहतींची देखभाल नगर परिषदा करतात, त्यांचा कारभार त्या भागातल्या खासदारांकडे असतो, आणि स्वच्छता, दुरुस्ती, लिफ्ट व थकबाकी यांवर सरकार त्यांना हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देतं. आपल्याकडे लोकप्रतिनिधीचा फोटो लिफ्टच्या उद्घाटनाच्या फलकावर असतो. लिफ्ट बंद पडल्यावर लाल शेऱ्यासह तो तसाच ठेवायचा नियम झाला, तर फलकांची संख्या एका पावसाळ्यात निम्मी होईल.

मग आपल्याकडे अडचण कुठं आहे? शिक्षणाची तर नाही. राज्याचं सहकार खातं दरवर्षी जी.डी.सी. अँड ए. बरोबरच सी.एच.एम. ही सहकारी गृहनिर्माण व्यवस्थापनाची परीक्षा घेतं. म्हणजे अभ्यासक्रम आहे, प्रश्नपत्रिका आहे, उत्तीर्णांच्या हाती प्रमाणपत्र आहे. त्या प्रमाणपत्राला चिकटलेली सरकारी घरांची नोकरी तेवढी नाही. बाहेरचा माणूस मानधनावर इमारतीत आणायची तरतूदसुद्धा कायद्यात आहे, पण ती समिती कोसळल्यानंतरची. निबंधक प्रशासक नेमतो, त्याचं मानधन सोसायटीनं भरायचं, आणि तो येऊन तेच काम करतो जे आधी फुकट करवून घेतलं जात होतं. संस्था धडधाकट असताना व्यवस्थापकावर खर्च करणं चैन ठरतं आणि ती मरणपंथाला लागली की तोच खर्च सक्तीचा होतो. अशा अर्थशास्त्रावर आरोग्यखातंही चालवता येणार नाही.

यावर पहिला आक्षेप तयार असतो: गरिबांच्या इमारतीला पगारी माणूस परवडणार कसा? उत्तर असं की तो त्यांना आत्ताही परवडतोच आहे, फक्त तुकड्यातुकड्यांत आणि चढ्या दरानं. टँकर, जळलेला पंप पुन्हा पुन्हा गुंडाळून देणारा, थकबाकीमुळे तुटलेली वीज जोडून आणणारा, नाव चढवून देणारा एजंट, आणि 'वरती बोलतो' म्हणून पुढं होणारा गल्लीतला साहेब, या सगळ्यांची बेरीज कुणी मांडत नाही म्हणून ती दिसत नाही. दहा इमारती घ्या, प्रत्येकीत ऐंशी घरं धरा. आठशे घरांनी महिन्याला पन्नास रुपये दिले की चाळीस हजार रुपये होतात. एवढ्यात एक शिकलेला व्यवस्थापक मिळतो. पंप जळण्याआधी तो तपासून घेणं एवढं एक काम त्यानं केलं, तरी त्याचा बराचसा पगार फिटतो. शिवाय योजनेच्या खर्चात बांधकामाची दहा कलमं असतातच. पहिल्या पाच वर्षांच्या व्यवस्थापनाचं अकरावं कलम घातलं तर तिजोरी कोसळणार नाही. उद्घाटनाच्या मांडवाचा खर्चही कुठल्यातरी कलमात बसतोच की.

दुसरा आक्षेप जास्त भारदस्त असतो. सहकार ही सेवा आहे, तिला पगाराचा वास लागू नये, शेजाऱ्यानं शेजाऱ्यासाठी झिजावं. वाक्य सुंदर आहे आणि ते बहुधा न झिजणारा शेजारी बोलत असतो. पण महाराष्ट्राच्या सहकाराचा इतिहास काही वेगळंच सांगतो. सहकारी साखर कारखान्याचं संचालक मंडळ सभासद निवडतात, पण कारखाना चालवायला पगारी कार्यकारी संचालक असतो. सभासदांनी आळीपाळीनं बॉयलर पेटवावा असं कुणी म्हणत नाही. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीत चेअरमन निवडून येतो, पण दप्तर आणि कर्जवाटप सांभाळतो तो गटसचिव, आणि एकेक गटसचिव अनेकदा दोन-तीन गावांच्या सोसायट्या बघतो. त्याच्या पगाराच्या रडकथा आहेत, हे खरं. पण रडायला निदान पगार आहे. खेड्यातल्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी जी सोय मिळाली, तीच काशीमिऱ्याच्या किंवा पेणकरपाड्याच्या इमारतीला मिळावी, एवढंच मागणं आहे. दहा इमारतींना एक गटसचिव नेमावा. निर्णय निवडून आलेल्या समितीचाच राहील, फक्त तो अमलात आणणारा माणूस दुपारी दोन वाजताही जागेवर सापडेल.

तिसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: पगारी माणूस पैसे खाईल. शक्य आहे. पण फुकट काम करणारा उपाशीच राहतो याला काय पुरावा? रंगकामाचं कंत्राट सेक्रेटरीच्या साडूलाच कसं मिळतं, हा प्रश्न मराठी, गुजराती, हिंदी आणि मारवाडीत विचारला जातो, आणि उत्तर एकाही भाषेत मिळत नाही. पगारी माणसाचा एक मोठा फायदा असा की त्याला काढता येतं. बिनपगारीला काढताच येत नाही. तो 'आत्ताच राजीनामा देतो' म्हणून शिक्के आणि दप्तर टेबलावर आपटतो, आणि भरलेली सभा हात जोडून ते त्याच्या पिशवीत परत घालते, कारण दुसरं कुणी ते उचलायला तयार नसतं. जबाबदारी ठरवायची तर आधी मोबदला ठरवावा लागतो. ज्याला काही दिलंच नाही त्याच्याकडून काय परत घेणार? राहिला प्रश्न खासगी कंपन्यांचा. नव्या टॉवरांत त्या आहेतच, गणवेशातल्या व्यवस्थापकासह. पण जिथं क्लबहाऊस आणि दोन मजली पार्किंग आहे तिथंच त्यांचं दुकान चालतं. बीएसयूपीच्या इमारतीत त्यांना काय विकता येईल? म्हणून तिथली पहिली पावलं सरकारनं आणि पालिकेनंच टाकायला हवीत.

या शहरात दर वर्षी हजारो मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि चर्चगेटच्या गाडीत उभं राहण्यापुरती जागा शोधतात. त्यांच्या दारात, अक्षरशः दाराबाहेरच्या जिन्यात, एक व्यवसाय पडून आहे. त्याला अनुभव लागतो तो पाण्याचा, माणसांचा आणि कागदांचा, आणि मीरा-भाईंदरमध्ये वाढलेल्या मुलाकडे या तिन्हींचा साठा भरपूर असतो. पालिकेनं आपल्या पुढच्या प्रत्येक गृहयोजनेच्या निविदेत सी.एच.एम. उत्तीर्ण व्यवस्थापकाची पाच वर्षांची नेमणूक आणि त्याच्या कामाचा दरवर्षीचा जाहीर शेरा, या दोन अटी घालाव्यात. तसं झालं तर सोसायटीच्या निवडणुकांतही फरक पडेल. आज समिती बिनविरोध निवडून येते आणि आपण तिला एकोप्याचं लक्षण म्हणतो. खरं तर बाकीच्या सगळ्यांनी पळ काढलेला असतो. पंप सांभाळायला पगारी माणूस आहे हे कळलं की लोक न घाबरता उमेदवारी अर्ज भरतील, एकमेकांविरुद्ध उभे राहतील, हरतील आणि दुसऱ्या दिवशी फेरमोजणी मागतील. गरिबांच्या इमारतीत निवडणुकीवरून भांडण होणं ही फार चांगली बातमी असेल. पाण्यावरून होणारं भांडण तोवर संपलेलं असेल, असा तिचा अर्थ.